अनपेक्षित आलेखाचे वाचन



वक्ता मराठीचा आणि विषय ट्रान्झिस्टरचा, हे निमंत्रणपत्रिकेवर वाचून काहींना तो मुद्रणदोष वाटला असेल. तो दोष नाही. माझे अध्यापकीय आयुष्य मराठी शिकवण्यात आणि जुन्या पोथ्यांची पाठचिकित्सा करण्यात गेले. आमच्या पिढीला ट्रान्झिस्टर म्हणजे खांद्याला अडकवून हिंडायचा रेडिओ, एवढेच ठाऊक. त्या पेटीला ज्याच्यावरून नाव मिळाले तो वाटाण्याएवढा, तीन पायांचा घटक मी प्रथम हातात धरला तो सत्तरी उलटल्यावर, नातीमुळे. परंतु त्या निमित्ताने जे उमगले त्याची सुरुवात याच शाळेच्या प्रयोगशाळेत झाली होती. म्हणून ज्यांच्या स्मरणार्थ आज आपण येथे जमलो आहोत, त्या आपल्या विज्ञानाच्या सरांपासूनच आरंभ करतो.

मी तेव्हा जुन्या अकरावीत होतो. सरांनी टॉर्चचा लहानसा दिवा, व्होल्टमीटर आणि अ‍ॅमीटर देऊन व्होल्टेज आणि प्रवाह यांचा आलेख काढायला सांगितले. ओहमचा नियम आम्हांला मुखोद्गत होता. आलेख सरळ रेषेत यायलाच हवा. माझे बिंदू मात्र एका बाजूला वाकत चालले. मी इकडेतिकडे पाहिले, रबर घेतले, चार आकडे बदलले आणि पट्टी लावून सुरेख सरळ रेघ ओढली. सरांनी वही पाहिली आणि शांतपणे विचारले, ‘‘अरे, तुझा दिवा पेटला होता की नाही?’’ मी म्हटले, ‘‘हो सर.’’ ‘‘मग त्याची तार तापली असेल. तापली तर तिचा रोध वाढला असेल. रोध वाढला तर रेघ सरळ येईल कशी?’’ त्यांनी मला शिक्षा केली नाही. एवढेच म्हणाले, ‘‘खोडायचे असेल तर एकच रेघ मारावी. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. उद्या कदाचित तोच खरा ठरेल.’’

साठ वर्षांपूर्वीचे ते वाक्य मी पुढे पोथ्यांच्या कामात वापरले. ट्रान्झिस्टरच्या कामीही ते येईल असे कधी वाटले नव्हते.

तांत्रिक विषय मराठीतून मांडण्याबद्दल मात्र मला संकोच नाही. याच बडोद्यात १८९० साली कलाभवन सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा तंत्रविद्या लोकांच्या भाषेत शिकवण्याचा आग्रह होता. त्या गावचा मी रहिवासी. शब्द जिथे अडेल तिथे कारागीर आणि विद्यार्थी जो शब्द वापरतात तोच मी वापरीन.

आता मूळ प्रसंगाकडे वळतो. माझी नात इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला होती. एका रात्री अकराच्या सुमारास पाणी प्यायला उठलो तो ती संगणकापुढे डोके धरून बसलेली. दुसऱ्या दिवशी प्रयोगाचा अहवाल द्यायचा होता. पडद्यावर एक आडवी रेघ होती. तिला ना चढ, ना उतार. ‘‘आजोबा, इथे लाट यायला हवी. तीनदा जोडणी तपासली. काही चुकलेले नाही, आणि तरी हे मेलेले आहे.’’ बाजूला मोबाइलवर मैत्रिणीने पाठवलेला, कोणाच्या तरी जुन्या अहवालातला, सुबक चौकोनी लाटांचा आलेख उघडा होता. तो तिने मागितला नव्हता. पण तो समोर होता, आणि घड्याळही समोर होते. मला माझे रबर आठवले.

ते मंडल कोणते हे आधी सांगतो. त्याला मल्टिव्हायब्रेटर म्हणतात. आन्री अब्राहम आणि युजीन ब्लॉक या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९१९ साली निर्वात नलिका वापरून केलेले हे मंडल प्रसिद्ध केले. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्माला आला, आणि पुढे नलिकांच्या जागी ट्रान्झिस्टर बसले. ट्रान्झिस्टरचे तीन पाय म्हणजे एमिटर, बेस आणि कलेक्टर. बेसमधून जाणारा लहानसा प्रवाह कलेक्टरकडून एमिटरकडे जाणाऱ्या मोठ्या प्रवाहाचे दार उघडतो किंवा मिटतो. पाटाचे दार हलवायला हाताचा जोर पुरतो, वाहते ते मात्र शेतभर पाणी, तसेच हे. दार पूर्ण उघडले की कलेक्टरवरचा दाब जवळजवळ शून्याला येतो. मिटले की तो पुरवठ्याइतका चढतो.

मल्टिव्हायब्रेटरमध्ये असे दोन ट्रान्झिस्टर असतात आणि प्रत्येकाचा कलेक्टर एका कपॅसिटरमधून दुसऱ्याच्या बेसला जोडलेला असतो. एक जागा झाला की दुसऱ्याला निजवतो. कपॅसिटर हळूहळू भरतो, निजलेला जागा होतो आणि पहिल्याला निजवतो. दोन पहारेकऱ्यांनी पाळी बदलावी तसा हा खेळ अखंड चालतो. नातीच्या मंडलात पुरवठा १२ व्होल्ट, कलेक्टरचे रोध १ किलोओहम, बेसचे ४७ किलोओहम आणि कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचे होते. या आकड्यांवरून एकेक पाळी सुमारे एक तृतीयांश सेकंदाची व्हायला हवी.

हे मंडल तिने प्रत्यक्षात अजून जोडलेले नव्हते. संगणकाला त्याचे वर्णन देऊन काय घडेल ते विचारले होते. या विद्येचाही इतिहास आहे. एकाच चकतीवर पुष्कळ ट्रान्झिस्टर घडवू लागल्यावर, ‘जोडून बघू, चुकले तर तार बदलू’ ही सोय राहिली नाही. आधीच हिशेब करणे भाग पडले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लॉरेन्स नेगेल यांनी अशा हिशेबासाठी ‘स्पाइस’ नावाची आज्ञावली तयार केली आणि १९७३ साली ती विद्वानांपुढे ठेवली. आज वापरात असलेल्या अशा कितीतरी आज्ञावल्या तिच्याच वंशातल्या आहेत.

मला त्यातले काही कळत नव्हते. म्हणून मी माझ्या धंद्यातला प्रश्न विचारला : ‘‘तू यंत्राला काय सांगितलेस, ते मला वाचून दाखव.’’ तिने चित्रामागची यादी उघडली, आणि मी चकित झालो. ती संहिताच होती! पहिली ओळ शीर्षकाची. ती यंत्र हिशेबात घेतच नाही. पुढच्या प्रत्येक ओळीत एक घटक, तो कोणत्या बिंदूंना जोडला ते, आणि त्याचे मूल्य. रोधाला एक अक्षर, कपॅसिटरला एक, ट्रान्झिस्टरला एक. आम्ही दोघांनी ती यादी पोथी वाचावी तशी मोठ्याने वाचली. डावीकडचा रोध ४७, उजवीकडचा ४७. डावीकडचा कपॅसिटर १०, उजवीकडचा १०. ट्रान्झिस्टर दोन्ही एकाच वर्णनाचे. मी म्हटले, ‘‘दोघे इतके सारखे असतील तर आधी कोणी जागे व्हायचे, हे यंत्राने कशावरून ठरवायचे?’’

ती क्षणभर गप्प राहिली, आणि मग तिनेच पुढचे सांगितले. यंत्र काळाची गणना सुरू करण्यापूर्वी एक स्थिर अवस्था शोधते : मंडल अनंत काळ चालू राहून सारे निवांत झाले असते तर कुठे काय दाब असता? या अवस्थेत कपॅसिटरमधून प्रवाह वाहत नाही. म्हणजे दोघा पहारेकऱ्यांमधला निरोपच बंद. दोघांच्याही बेसला ४७ किलोओहममधून पुरेसा प्रवाह मिळतो, दोघेही पूर्ण जागे राहतात, आणि दोन्ही कलेक्टर शून्याच्या किंचित वर, एक दशांश व्होल्टच्या आसपास स्थिरावतात. तिथून काळ सुरू केला तरी काहीच बदलत नाही. खऱ्या मंडलात दोन रोध कधीच तंतोतंत सारखे नसतात, बटण दाबले त्या क्षणी कपॅसिटर रिकामे असतात, आणि घटकांत सूक्ष्म विद्युत्-कल्लोळही असतो. कोणीतरी केसभर पुढे जातो, आणि तेवढे पुरते.

मित्रहो, ती आडवी रेघ चूक नव्हती. विचारलेल्या प्रश्नाचे ते अचूक उत्तर होते. फक्त आपण हाच प्रश्न विचारला आहे याची विचारणारीला कल्पना नव्हती. तिने एक रोध ४७ चा ४६ केला, स्थिर अवस्था न शोधता रिकाम्या कपॅसिटरांपासून आरंभ करायला यंत्राला सांगितले, आणि रेघ हलू लागली.

पण समाधान पाच मिनिटेही टिकले नाही. पुस्तकातल्या चित्रात लाटेचे दोन्ही कोपरे काटकोनी होते. इथे कलेक्टरचा दाब उतरताना कड्यासारखा उतरे, पण चढताना त्याचा खांदा गोलावलेला. आता मात्र ती घाबरली नाही. ‘‘कलेक्टर वर जाताना त्याला जोडलेला कपॅसिटरही भरावा लागतो,’’ ती म्हणाली, ‘‘आणि तो भरतो त्या १ किलोओहममधूनच.’’ १ किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड यांचा गुणाकार एक शतांश सेकंद. त्याच्या चार-पाच पट वेळ खांद्याला लागणारच. पुस्तकातले चित्र खोटे नव्हते, पण शिकवण्याच्या सोयीसाठी सरळ केलेले होते. माझ्या आलेखासारखेच, फरक एवढाच की पुस्तकाने ते सद्हेतूने केले होते.

तिसरे आश्चर्य अधिक मोठे. बेसवरच्या दाबाचा आलेख शून्याच्या खाली, थेट उणे ११ व्होल्टपर्यंत बुडी मारत होता. पुरवठा अधिक १२ चा, उणे दाब देणारी बॅटरी मंडलात कुठेच नाही. मग हे ऋण आले कोठून? मी व्यवहारातला दाखला दिला : घरात पैसा नसताना ऋण होते ते आधी कोणीतरी साठवलेले असते म्हणून. ती हसली, पण कपॅसिटरचे नेमके तेच आहे. त्याचे एक टोक कलेक्टरवर १२ व्होल्टला आणि दुसरे जाग्या बेसवर सुमारे ०.७ व्होल्टला असताना त्याच्यात ११.३ व्होल्टचे अंतर साठते. आता पहिले टोक एकदम ०.२ वर आणले तर साठलेले अंतर क्षणात नाहीसे होत नाही. म्हणून दुसरे टोक ०.२ वजा ११.३, म्हणजे उणे ११.१ वर जाते. पहारेकऱ्याला निजवणारा धक्का तो हाच.

मध्यरात्र उलटून गेली होती. अहवाल पुरा करता आला असता; परंतु तिला आता राहवेना. ‘‘आजोबा, हे प्रत्यक्षात असेच होते का, ते बघायला हवे.’’ तिने एक दिवस उशीर पत्करला आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बीसी ५४७ जातीचे दोन ट्रान्झिस्टर घेऊन तेच मंडल जोडले. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर लाट आली, खांदाही गोल आला. पण बेसची बुडी उणे ८ च्या आसपासच थांबली. संगणकात मिनिटाला सुमारे ९० आवर्तने होत होती. इथे ११० च्या घरात.

आता कोणावर विश्वास ठेवायचा? तिने संगणकावर तोच हिशेब पुन्हा दहा वेळा केला. दहाही वेळा उणे ११ च आले. इथे मात्र मी माझ्या अनुभवाच्या बळावर बोललो. पाठचिकित्सेत पहिला धडा असा की, एकाच मूळ पोथीवरून उतरवलेल्या दहा नकला म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. तो एकच साक्षीदार दहा वेळा बोलतो आहे. मूळ पोथीत चूक असेल तर दहाही नकलांत ती असणार. संगणकाची दहा उत्तरे ही एकाच पोथीच्या दहा नकला. ऑसिलोस्कोप हा मात्र दुसऱ्या परंपरेतला साक्षीदार. त्याची साक्ष वेगळी पडते तेव्हा थांबून विचार करावा.

तिने ट्रान्झिस्टरचे माहितीपत्रक उघडले. बेस आणि एमिटर यांच्यामध्ये उलट दिशेने ६ व्होल्टपेक्षा अधिक दाब देऊ नये, असे त्यात स्पष्ट छापले होते. ती मर्यादा ओलांडून आणखी थोडे पुढे गेले की तो सांधा फुटतो, म्हणजे उलट दिशेने वाहू लागतो, आणि दाब तेथेच अडतो. बुडी उथळ झाली की वर यायला वेळ कमी लागतो. म्हणून आवर्तने वाढली. मग संगणकाला हे का दिसले नाही? कारण ट्रान्झिस्टरचे जे गणिती वर्णन तो वापरत होता ते मुळात गमेल आणि पून यांनी १९७० साली मांडलेल्या प्रतिमानावर आधारलेले आहे. ते फार गुणाचे आहे, पण त्याच्या नेहमीच्या रूपात बेस-एमिटर सांध्याच्या या उलट फुटण्याला जागाच नाही. पोथीत जे पानच नाही ते वाचणाऱ्याला कसे दिसावे?

तरीही मी शंका काढली : असल्या कपॅसिटरवर १० लिहिलेले असले तरी प्रत्यक्ष मूल्य वीस टक्के इकडेतिकडे असू शकते, असे तूच सांगितलेस, मग आवर्तने त्यानेच वाढली नसतील कशावरून? तिचे उत्तर चोख होते. कपॅसिटर बदलला तर वेळ बदलेल, बुडीची खोली नव्हे. आणि कारण पडताळायला तिने दोन्ही बेसच्या वाटेत एकेक डायोड घातला. हा उलट दिशेचा बराच मोठा दाब सहज सोसतो. त्याच कपॅसिटरांनिशी डायोडच्या अलीकडची बुडी आता उणे १० च्या खाली गेली आणि आवर्तने मंदावली. अनुमान खरे ठरले. शिवाय हा नुसता कुतूहलाचा प्रश्न नव्हता. सांधा असा वारंवार फुटत राहिला तर ट्रान्झिस्टरची प्रवर्धनक्षमता हळूहळू क्षीण होत जाते. तो डायोड नसता तर मंडल चालले असते, आलेख ‘बरोबर’ दिसला असता, आणि ट्रान्झिस्टर आतून झिजत राहिला असता.

या सगळ्यातून मी तीन प्रश्न गाठीला बांधले. पडद्यावर अनपेक्षित आकृती दिसली तर पहिला प्रश्न : मी यंत्राला नेमके काय सांगितले? माझ्या मनात काय होते ते नव्हे, यादीत काय लिहिले आहे ते. दुसरा : माझी अपेक्षा कशावर उभी आहे, स्वतः केलेल्या हिशेबावर, की पुस्तकातल्या सोप्या केलेल्या चित्रावर? आणि तिसरा : यंत्राजवळच्या वर्णनात काय नाही, आणि त्याची साक्ष पडताळायला दुसऱ्या परंपरेतला साक्षीदार कोण? हे प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिले दोन टाळून एकदम ‘यंत्र चुकले’ म्हणणे हा आळस आहे, आणि तिसरा टाळून ‘यंत्र म्हणते ते खरे’ म्हणणे ही अंधश्रद्धा आहे.

एक चौथी वाटही होती. मोबाइलवरचा तो सुबक आलेख उचलून अहवालात डकवणे. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि त्यात कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद देऊन ठेवली. घालणारे दुष्ट नसतात. त्यांना वाटते, इथे काहीतरी राहिले आहे, मी ते सुंदर करतो. नेमक्या त्या सुंदर जागी मूळ पाठ कायमचा हरवतो. त्या रात्री माझ्या नातीने तो आलेख डकवला असता तर कोणाला कळलेही नसते. आडवी रेघ पुसली गेली असती, तिच्यामागची समतोलाची गोष्ट पुसली गेली असती, आणि पुढची बुडी, फुटणारा सांधा, डायोड यांतले काहीच घडले नसते.

अहवालाच्या पहिल्याच पानावर तिने ती आडवी रेघ छापली आणि खाली लिहिले : ‘पहिले उत्तर. का आले, ते पुढे.’ एक दिवस उशीर झाल्याबद्दल नियमाप्रमाणे तिचे दोन गुण कापले गेले. ते कापणाऱ्यांचे चुकले असे मला वाटत नाही; मुदत ती मुदत. पण ते दोन गुण मला फार स्वस्त वाटले. मी अकरावीत रबर चालवून पूर्ण गुण मिळवायला निघालो होतो; त्याची किंमत मला साठ वर्षे आठवते आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या हातांत आमच्याहून पुष्कळ अधिक साधने आहेत. आज संगणकाला कसलाही आलेख मागा, तो क्षणात हवा तसा काढून देईल. म्हणूनच न मागितलेला, न आवडलेला आलेख मोलाचा आहे. तो दिसला की त्याच्यावर हवी तर एक रेघ मारा. पण खालचे वाचता येईल अशीच मारा.

आपल्या सरांनी मला हे एका पेटलेल्या दिव्यावरून शिकवले. त्यांच्या स्मृतीला वंदन करतो.